पाव मिलिमीटर

सकाळी आठ आणि रात्री आठ.
बाबा चष्मा पुसतात, मोरीत कोपरापर्यंत हात धुतात
आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतात,
लेथवर जॉब घ्यावा तसा.

चार पिना हाडात, वर बारकासा दांडा,
दांड्याच्या टोकाला चौकोनी डोकं.
चावी लावायची, बाणाच्या दिशेने पाव फेरा.
पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर.
"सुताचा तेरावा भाग," बाबा म्हणतात,
"एवढा फरक डोळ्याला नाही कळत. बोटाला कळतो."

हाड आधीच कापलंय, मधोमध.
आठवडाभर तसंच ठेवलं,
त्याला वाटू दिलं की आता जुळायचंय,
आणि जुळायला लागलं की ओढायचं.
डॉक्टर मॅडमनी हे असं सांगितलं
जशी पाकाची तार बघायची असते
दोन बोटांत धरून.

करंगळीशेजारचं बोट.
नवव्या वर्षी वाढायचं थांबलं.
बाकीची गेली पुढे,
हे मागे, जरा वर चढून बसलं,
पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुण्यासारखं.
नाव तोवर ठेवून झालं होतं: सुलक्षणा.

गौरी यायच्या दिवशी आत्या म्हणायची,
पावलं तू काढ गं, तुझी मूठ सुबक.
मुठीची कड कुंकवात बुडवायची, उमटवायची,
वर बोटाने पाच ठिपके.
मी पाचही नीट द्यायची.
मग गौर आत यायची त्या पावलांवरून
आणि मी दाराआड, पाय परकराखाली.
आत्याच नंतर कुणाला तरी सांगायची, हळू आवाजात,
चौथं बोट भुईला टेकत नाही
त्या मुलीचं पुढे...
वाक्य ती कधी पूर्ण करायची नाही.

रानडे रोडवरच्या दुकानात सहा वर्षं
मी लोकांची पावलं मापते.
भोवऱ्या, भेगा, वाकडे अंगठे,
खाली बसून सगळं बघते,
पट्टी सरकवते, म्हणते, सात नंबर, रुंद.
स्वतः मे महिन्यातही बंद बूट.
फॉर्मवर लिहिलं, चालताना चवड्यात दुखतं.
दुखतं हे खरं आहे.
तेवढंच खरं नाही.

आई म्हणाली, आपल्या हाताने पायावर धोंडा,
तोही पैसे मोजून.
बाबांनी एवढंच विचारलं,
चावी कुणी फिरवायची?

बोट बाबांवर गेलंय.
त्यांचं डाव्या पायाचं, हेच, असंच.
भांडुपच्या कारखान्यात लोखंडी टोपीच्या बुटात होतं,
पण पूजेला पाटावर, लग्नात, शेजारच्यांच्या बारशात
उघडंच असायचं सगळ्यांसमोर.
कुणी काही बोललं नाही.
कुणी बघितलंच नाही.

चोविसाव्या दिवशी बोट पांढरं पडलं, गार.
टॅक्सीने परळ.
मॅडमनी एक्स-रे उजेडाला धरला.
कापलेल्या दोन टोकांमध्ये काहीच नव्हतं,
नीट बघितलं तर धुरकट,
साय धरायच्या आधी दुधावर असतं तसं काहीतरी.
हेच नवीन हाड, म्हणाल्या. पुरे आता. बारा झाले.
"चौदा ठरले होते," बाबा म्हणाले.
"राहू द्या दोन."
त्यांनी आयुष्यात दोन मिलिमीटर कमी भरलेला नग
पुढे पाठवला नव्हता.
येताना माटुंग्यापर्यंत बोलले नाहीत.
चावी मुठीत.

रात्री आठ वाजता
चष्मा पुसला, हात धुतले कोपरापर्यंत,
समोर येऊन बसले, आणि मग आठवलं.
ओले हात तसेच धरून बसले.
बोटात परत रंग आला होता, जांभळट,
पिनांभोवती खपल्या.

दुकानातली जुनी पट्टी माझ्या पिशवीत असते.
म्हटलं, बाबा, तुमचा पाय द्या इकडे.
डावा.
कशाला, म्हणाले,
आणि दिला.